एडमंटनचं सरळ विमान

देवाजी गोंडाणे यांना पुराव्याशिवाय काही पटत नसे, आणि हा गुण एक दिवस त्यांच्या बायकोला भोगावा लागेल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. गल्लीत कोणी म्हणालं, की उद्या नळ येणार नाही, तर देवाजी विचारायचे, "पुरावा काय?" कोणी सांगितलं, की पलीकडच्या लेआउटमध्ये बिबट्या दिसला, तर म्हणायचे, "फोटो दाखव." फोटो दाखवला तर म्हणायचे, "हा बिबट्या आपल्याच लेआउटातला कशावरून?" आता बिबट्याचा रहिवासी दाखला कुठून आणायचा? माणूस गप होऊन निघून जायचा आणि देवाजी दिवसभर खुशीत राहायचे.

खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्यांनी सगळी नोकरी कंट्रोल रूममध्ये काढली होती. समोर काटे आणि काट्यांखाली आकडे. माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही, यावर त्यांची श्रद्धा होती. श्रद्धा हा शब्द त्यांना चालत नसे, म्हणून आपण विश्वास म्हणू. रोज सकाळी बुद्धवंदनेत पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, म्हणजे खोटं न बोलण्याच्या शीलाला, त्यांचा आवाज जरा चढायचा. भीमाबाईंचं म्हणणं होतं की तेवढं शील ते शेजाऱ्यांसाठी म्हणतात.

तर या भीमाबाईंची दोन्ही मूत्रपिंडं बसली होती आणि मे महिन्यातल्या एका सकाळी दवाखान्यातले डॉक्टर देवाजींना बाजूला घेऊन म्हणाले, "घरी घेऊन जा, काका. कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या."

"किती वेळ आहे? आकडा सांगा."

"आजची रात्र निघाली तर खूप समजा."

जन्मात पहिल्यांदा समोरच्यानं आकडा दिला आणि देवाजींना तो नको होता. डॉक्टरांनी दुखणं कमी करायच्या गोळ्या दिल्या. जिभेखाली ठेवायच्या, मग दुखणार नाही, झोप लागेल, बस्स, एवढंच आता करता येईल असं सांगितलं.

नारी रोडवरच्या घरी आणून भीमाबाईंना पुढच्या खोलीत निजवलं. शेजारच्या बाबूलाल परातेनं लगेच आपल्या दुकानातला मोठा कूलर आणून खिडकीत बसवला. बाबूलाल कोष्टी. पाचपावलीच्या त्यांच्या जुन्या घरात आजोबांच्या काळी माग खडखडायचे, आता हा पत्रा ठोकून कूलर बनवायचा, त्यामुळे खडखडाटाशी घराण्याचं नातं काही तुटलं नव्हतं. कूलर असा सुरू झाला की भिंतीवरचं कॅलेंडर उडून खाली पडलं.

त्या खडखडाटात भीमाबाईंनी एकच विचारलं, "मोना कधी येते?"

मोनाली त्यांची एकुलती एक मुलगी. कॅनडात एडमंटन नावाच्या गावी प्रयोगशाळेत नोकरीला. देवाजींनी तासाभरापूर्वीच तिला फोन केला होता. तिकडे मध्यरात्र होती. "निघते बाबा, आत्ता निघते," एवढं म्हणून ती रडत सुटली आणि फोन बंद झाला. आता अशा वेळी तुम्ही-आम्ही काय सांगितलं असतं? "येते वं, वाटेतच आहे." पण देवाजी म्हणजे देवाजी! त्यांनी चष्मा लावला, मोबाइल काढला आणि एडमंटन ते नागपूर विमानाचं अंतर किती आणि वेळ किती, ते शोधून काढलं.

निघालंही लगेच. एक नकाशा आला. त्यावर एक लाल रेघ. एडमंटनहून निघाली ती उत्तर ध्रुवाला खेटून पलीकडे उतरली, सायबेरिया, तिबेट, नेपाळ करत थेट नागपुरात. खाली लिहिलेलं: अंतर साडेअकरा हजार किलोमीटरच्या वर, उड्डाणाचा वेळ सुमारे पंधरा तास. देवाजींचा चेहरा खुलला. सामान बांधायला, तिकीट काढायला अर्धा दिवस धरला, त्यात पंधरा तास मिळवले.

"उद्या दुपारी दोन वाजता," ते म्हणाले.

"पक्कं?"

"लिहून आहे. हे पाय." त्यांनी मोबाइल पुढे धरला.

भीमाबाईंनी मोबाइलकडे पाहिलं नाही. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून या माणसानं सांगितलेली वेळ कधी चुकली नव्हती. "मग थांबते," त्या म्हणाल्या.

रात्रीच्या जेवणाला पाहुणा थांबतो, इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या. देवाजींनी गोळी जिभेखाली ठेवायला पुढे केली तर त्यांनी तोंड फिरवलं. "नोको. झोप लागते म्हटलं नं डॉक्टरनं? पोट्टी एवढ्या दुरून येईन अन् मी घोरत पडलेली! उद्या दोननंतर द्या."

बातमी पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून बाबूलालच्या बायकोकडे, म्हणजे रुखमाबाईकडे, आणि तिथून अख्ख्या गल्लीत गेली. दुपारपर्यंत पुढच्या खोलीत एक माणूस मरत होतं आणि मागच्या खोलीत दहा जण विमानावर बोलत होते. बाबूलालचं म्हणणं, एवढ्या लांब विमान एका दमात येऊच शकत नाही, मधे कुठं तरी डिझेल भरावं लागतंच. देवाजींनी पुरावा मागितला. बाबूलाल म्हणाला, माझा टेम्पो साधा उमरेडला जाऊन येतो तर दोनदा भरावं लागते. समोरच्या घरातला प्रीतम विमानतळाजवळच्या मिहानमध्ये एका गोदामावर सुपरवायझर होता. गोदामाच्या गच्चीवरून धावपट्टी दिसते, तेवढ्या भांडवलावर तो गल्लीचा विमानतज्ज्ञ झाला होता. तो मान हलवत म्हणाला, "काका, कॅनडाचं विमान मले तरी कधी उतरताना दिसलं नाही."

"तू गोदाम पायते का विमानं पायते?" देवाजी म्हणाले, आणि मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. लिहिलेल्यापुढे प्रीतम काय बोलणार?

तेवढ्यात तोच मोबाइल वाजला. मोनाली होती.

"बाबा, तिकीट मिळालं. आत्ताच विमानतळावर निघते. परवा सकाळी दिल्ली, अन् दुपारी नागपूर."

"परवा? परवा काहून? उद्या दोनले पोहोचते तू."

"तीन ठिकाणी विमान बदलायचं आहे, बाबा."

"सरळ ये नं! सरळ रस्ता आहे, मी पाह्यला. ध्रुवावरून."

"असं विमान नसते, बाबा."

"आहे! पंधरा तास. तुले कोण्या तरी एजंटानं फसवलं, अन् तू फसली. एवढं शिकवलं तुले, कायले शिकवलं?" मागची खोली ऐकते आहे हे देवाजींना कळत होतं आणि त्यामुळेच आवाज चढत चालला होता. "तुही माय इथं मरून राहिली अन् तू जग फिरून येते काय?"

मोनाली हळूच म्हणाली, "ठेवते, बाबा. गाडी आली."

खोलीतले दहाही जण एकदम दुसरीकडे पाहू लागले. बाबूलालनं तर छताचा पंखा असा निरखला की जणू विकत घ्यायचा होता. देवाजींनी परत फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. आपण पोरीला काय बोललो ते त्यांना आता ऐकू यायला लागलं होतं, आणि ते परत घेता येत नव्हतं. अशा वेळी माणूस रडतो किंवा माफी मागतो. देवाजी पुरावा आणायला निघाले.

प्रीतमच्या मोटरसायकलवर मागे बसून, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, अख्खं नागपूर उभं कापत ते वर्धा रोडच्या विमानतळावर पोहोचले. ऊन असं, की सिग्नलला पाय टेकवला तर चप्पल डांबरात रुतत होती. दारावरच्या शिपायानं तिकीट मागितलं.

"तिकीट नाही. माहिती पायजे."

"माहिती आत आहे."

"म्हणूनच आत जायचं आहे."

"आत जायला तिकीट लागते."

"तिकीट कायचं काढू हेच विचारायचं आहे नं, साहेब!"

हा संवाद तीन वेळा झाला. शेवटी त्यानं बाहेरच्या तिकीट खिडकीकडे बोट केलं. खिडकीत एक मुलगी बसली होती, मोनालीपेक्षा लहान. देवाजींनी काचेखालच्या फटीतून मोबाइल आत सरकवला आणि म्हणाले, "हे एडमंटनचं सरळ विमान कोणत्या कंपनीचं आहे, तेवढं सांगा. माह्या पोरीले त्यात बसवायचं आहे."

तिनं पाहिलं. वर पाहिलं. पुन्हा पाहिलं. "असं विमान नाही, काका."

"मग वेळ कशी लिहून आहे?"

"थे फक्त हिशोब आहे. दोन गावांमधली सरळ रेघ मोजते अन् वेगानं भागते. विमान असतं तर एवढा वेळ लागला असता, असं."

"विमान नाही तर वेळ कायले सांगते?"

"असं तर चंद्राचंही अंतर लिहून राहते, काका. तिथं ऑटो जाते काय?"

रांगेतले दोघे-तिघे हसले. एरवी देवाजींनी तिथंच तक्रारवही मागितली असती. आज त्यांनी मोबाइल उचलला, "ठीक आहे, बेटा," म्हणाले आणि उन्हात येऊन उभे राहिले. प्रीतम उसाचा रस घेऊन आला. तो त्यांनी हातात धरला आणि तसाच परत दिला. वाटेत ते एकदाच बोलले. म्हणाले, "मी पोट्टीले काय काय बोललो गा." प्रीतमनं हेल्मेटमुळे ऐकू आलं नाही असं दाखवलं.

घरी आले तर भीमाबाई भिंतीकडे तोंड करून दात आवळून पडल्या होत्या. दुखत होतं. गोळीची पुडी उशाशी तशीच.

"निघाली काय मोना?"

"निघाली." हे खरं होतं.

"दोनलेच पोहोचते नं?"

आता सांगायचं होतं. चौथं शील छातीवर घेऊन जन्मभर वावरलेला हा माणूस. पण बायकोनं मान वळवून असं पाहिलं, की त्यांच्या तोंडून निघालं, "हाव. दोनले." आणि नवल म्हणजे जीभ अडखळली नाही. खोटं बोलायला काही सराव लागत नाही, हे कळून देवाजींना स्वतःचीच भीती वाटली.

स्वयंपाकघरात त्यांनी बाबूलाल, रुखमाबाई आणि प्रीतमला सगळं सांगितलं. बाबूलाल म्हणाला, "भाऊ, हे खोटं नोहे, औषध आहे."

"पुरावा काय?"

"उद्या सकाळी वहिनी डोळे उघडतीन, तोच पुरावा."

आणि सकाळी भीमाबाईंनी डोळे उघडले! रात्र निघणार नाही म्हणणाऱ्या डॉक्टरचा आकडा चुकला आणि नसलेल्या विमानाचा चालला. गल्लीत आनंदीआनंद. आता देवाजींना काय वाटावं? त्यांनाही आनंद झाला, हो. इतका झाला की त्यांनी खोटं एकदम पद्धतशीरपणे हाती घेतलं. कंट्रोल रूमचा माणूस, दर तासाला नोंद द्यायची सवय. विमान ध्रुवावरून निघालं. विमान सायबेरियावर आहे, खाली बर्फ आहे. भीमाबाई विचारायच्या, जेवली असेल काय पोट्टी? प्रीतम सांगायचा, विमानात भात देतात. मऊ का मोकळा? मोकळा, काकू.

घोटाळा झाला तो मदतीला आलेल्या मंडळींमुळे. देवाजी आंघोळीला गेले तेवढ्यात भीमाबाईंनी विचारलं आणि रुखमाबाईनं मोठ्या प्रेमानं सांगून टाकलं, "आता काय वं, इटारसी गेली. आलीच समजा." तिच्या माहेरची गाडी इटारसीवरून यायची.

"विमान इटारसीले काहून थांबते?" भीमाबाई म्हणाल्या.

ते निस्तरायला बाबूलाल पुढे झाला. "इटारसी नाही, वहिनी, समुद्रावर आहे. अर्धा समुद्र झाला."

"हे तर म्हणून राहिले होते तिबेटावर आहे. तिबेटात समुद्र आहे काय?"

"उन्हाळ्यात आटते, वहिनी," बाबूलाल म्हणाला. एवढ्या दुखण्यात भीमाबाई हसल्या. हसताना पोटात कळ आली आणि त्या कळवळल्या, आणि खोलीतल्या कोणाचं तोंड हसायजोगं राहिलं नाही.

देवाजींनी बाहेर येऊन विमान पुन्हा ताब्यात घेतलं आणि नेपाळवर आणलं. म्हणाले, "लुंबिनीच्या जवळून चाललं आहे." बुद्धांच्या जन्मस्थानी जायचं या दोघांचं रिटायरमेंटनंतर ठरलं होतं. एका वर्षी प्लॉटचं काम निघालं, एका वर्षी पोरीच्या व्हिसाचं, मग दवाखाना सुरू झाला.

"दिसली असेल काय तिले?"

"डाव्या खिडकीतून दिसते."

"मोना कोण्या बाजूनं बसली?"

"डाव्या."

भीमाबाईंनी डोळे मिटले. त्यांनी चादर मुठीत घट्ट धरली होती. देवाजींनी गोळी पुढे केली. त्या म्हणाल्या, "आता कुठं घेऊ, दोन तास तर राहिले." कपाळावर घाम आला होता, कूलर एवढा चालू असून. देवाजींना तिथं बसवेना, पण उठायची हिंमत होईना.

दोन वाजले.

"उतरलं," देवाजी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? आणि मग सुरू झाला विमानतळापासून नारी रोडपर्यंतचा प्रवास, जो एडमंटनपेक्षा लांब निघाला. आधी सामान येईना. मग एक बॅग दुसऱ्याच कोणी उचलली. मग कागद तपासायला थांबवलं. मग टॅक्सी मिळाली, पण पुलाचं काम चालू म्हणून रस्ता बंद. मग दुसरा रस्ता खोदलेला. हे मात्र खोलीतल्या सगळ्यांना मनापासून पटत होतं. पाहायला आलेली एक म्हातारी तर "हाव बाई, तिथं असंच होते," म्हणून आपली हकीकत सांगायला बसली. भीमाबाई कोणाचं ऐकत नव्हत्या. त्या दाराकडे पाहत होत्या. गल्लीत स्कूटर वाजली की मान उचलायच्या, आणि मान खाली ठेवताना तोंडातून एक बारीक आवाज निघायचा.

चार वाजता बाबूलालनं देवाजींना परसात ओढलं. "भाऊ, हे पायवत नाही. आपली माया आहे नं, प्रीतमची बायको. मोनाच्या वयाची, मोनाच्याच उंचीची. वहिनीले आता धड दिसत नाही. मायाले मोनाचा जुना ड्रेस घालू, बॅग घेऊन दारातून येऊ दे. हात हातात घेईन. वहिनी गोळी घेतीन अन् शांत होतीन. पुण्याचं काम आहे."

देवाजींनी पुरावा मागितला नाही. त्यांचा होकार झाला असं समजून बाबूलाल पळाला.

माया बिचारी रडत रडत तयार झाली. कपाटातून मोनालीचा कॉलेजातला पंजाबी ड्रेस निघाला, तो खांद्यात तंग झाला. प्रीतमकडची चाकांची बॅग घेतली. ती रिकामी असल्यानं फार वाजत होती, म्हणून रुखमाबाईनं तिच्यात पाच किलो तांदूळ घातले. मग माया कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथून बॅग ओढत घराकडे यायला लागली. गल्लीतल्या सिमेंटवर चाकांचा आवाज, खर्र खर्र, खर्र खर्र, जवळ जवळ.

भीमाबाईंनी तो आवाज ऐकला. दोन दिवस ज्यांना कूस बदलता आली नव्हती, त्या कोपरावर उठायला लागल्या. उठवेना, तर पडल्या पडल्या दोन्ही हातांनी केस सारखे करू लागल्या. पोरीला माय बरी दिसावी म्हणून. "मले बसवा," त्या देवाजींना म्हणाल्या, "लवकर बसवा, आली."

दारात माया उभी राहिली, डोक्यावरून ओढणी घेतलेली, खाली मान घालून.

"नाही," देवाजी ओरडले. "थांब, माया. आत नोको येऊ." ते खाटेजवळ गुडघ्यांवर बसले. "भीमा, माया आहे थे. मोना नाही. मोना उद्या येते. असं विमानच नाही, भीमा. मी चुकलो. कालपासून खोटं बोलून राहिलो."

बाबूलालनं कपाळावर हात मारून घेतला. माया तांदळाची बॅग तिथंच सोडून घरी पळाली. खडखडणारा कूलर कोणी तरी बंद केला.

भीमाबाईंना राग आला. अहो, खराच आला! तुम्हाला वाटत असेल, आता त्या नवऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवतील. त्या म्हणाल्या, "किती दुखलं मले. कालपासून किती दुखलं. गोळी नाही घेतली मी. दोन वाजते म्हणून नाही घेतली."

"हाव."

"कालच गेली असती मी सुखानं. मले कायले थांबवलं?"

"मले वाटलं, मोनासंग तुही भेट व्हावी," ते म्हणाले, आणि पोराटोरांसमोर, शेजाऱ्यांसमोर हुंदके देऊन रडले. "अन् तू जाऊ नोको, असं वाटलं."

भीमाबाई श्वास गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोट्टीवर वरडले नं काल. फोनवर."

"कोणं सांगतलं?"

"भिंत पातळ आहे आपली. लावा फोन तिले."

"ती विमानात आहे. खरोखरच्या. लागत नाही."

"मग थे बोलून पाठवते नं, तसं पाठवा."

देवाजींनी मोबाइलवरचं बटण दाबून धरलं. पहिल्या वेळी बाबूलालचंच "जोरात बोला, वहिनी" तेवढं रेकॉर्ड झालं आणि तसंच कॅनडाच्या नंबरावर रवाना झालं. दुसऱ्या वेळी देवाजींचं बोट सुटलं. तिसऱ्या वेळी सगळ्यांनी श्वास धरला. भीमाबाई बोलल्या, "मोना, मी थांबली होती वं. आता नाही होत. तू धीरानं ये. बाबानं रागावलं, थे मनावर नोको घेऊ. त्याले कळलं नाही. जेवत जा."

मग देवाजींना म्हणाल्या, "द्या आता गोळी."

गोळी ठेवल्यावर अर्ध्या तासानं मूठ सुटली. कपाळ सारखं झालं. देवाजी हात धरून बसले होते, आणि संध्याकाळचा चहा गल्लीत सगळीकडे उकळत असताना भीमाबाई गेल्या. डॉक्टरला बोलावून आणावं लागलं, कारण देवाजी म्हणत होते, अजून हात गरम आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बर्फाच्या पेटीत होत्या. अंगणात मांडव, खुर्च्या, पांढऱ्या कपड्यातले नातेवाईक. भंतेजी दुपारी यायचे होते. मोनाली पोहोचली की निघायचं असं ठरलं होतं. आणि सकाळपासून एकच विषय चालला होता: तिला सांगायचं का? सांगायचं नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. वाटेतल्या माणसाला कोणी सांगत नाही. तब्येत जास्त आहे म्हणायचं, मांडव दिसला की तिचं तिला कळतं. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं आहे. "भाऊ, एकटी पोट्टी आहे, परक्या ठिकाणी चक्कर येऊन पडीन," बाबूलाल पुन्हा पुन्हा बजावत होता. देवाजी मोबाइल हातात घेऊन बसले होते.

फोन वाजला. मोनाली दिल्लीत उतरली होती. ती धापा टाकत होती, मागे चाकांचा आणि माणसांचा गलका.

"बाबा, आताच फोन सुरू झाला. आईचं ऐकलं. आवाज किती खोल गेला तिचा." ती धावता धावता बोलत होती. "बाबा, विमानाले थोडाच वेळ आहे, मी पळून राहिली. माहा फोन तिच्या कानाले लावा. मी येऊन राहिली म्हणते, एवढंच सांगते. लावा नं, बाबा."

खोलीतले सगळे हातवारे करू लागले. रुखमाबाईनं दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपल्याची खूण केली. बाबूलाल तोंडावर बोट ठेवून मान हलवत होता. एक काका दुरूनच ओठ हलवत होते: सिरियस, सिरियस. देवाजींनी एकेकाकडे पाहिलं. सगळी भली माणसं होती.

"बाबा?"

"मोना," देवाजी म्हणाले, "आई गेली, बेटा. काल संध्याकाळी. झोपेत गेली, दुखलं नाही शेवटी. त्याच्या आधी लय दुखलं, थे माह्या चुकीनं. तुही काही चूक नव्हती. तू बरोबर रस्त्यानं येऊन राहिली, मीच चुकीचं बोललो तुले."

बाबूलाल मटकन खुर्चीत बसला. फोनमधला चाकांचा आवाज थांबला होता. पुष्कळ वेळ नुसता गलका ऐकू येत राहिला, कोणाकोणाची नावं, कोणत्या कोणत्या गावांची विमानं.

"तीन विमानतळांवर नुसती पळत आहे मी, बाबा," शेवटी मोनाली म्हणाली. आवाज फुटत होता. "पाणीही नाही पेलं. वाटे, एक मिनिट थांबली तर आई जाईन."

"हाव."

"आता बसू काय थोडी?"

"बस, बेटा," देवाजी म्हणाले. "खुर्ची पाय एखादी. पाणी घे. मी फोन ठेवत नाही."